महारोहिणीची चीर आणि स्टेंट ग्राफ्ट : एक परिचय

हृदयातून शुद्ध रक्त घेऊन निघणारी शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महारोहिणी. तिच्या भिंतीला तीन थर असतात. बहुधा दीर्घकाळच्या अनियंत्रित रक्तदाबामुळे आतील थराला चीर पडते, रक्त थरांमध्ये शिरते आणि मूळ मार्गाशेजारी एक खोटा मार्ग तयार होतो. छातीत वा पाठीत एकाएकी उठणारी, काही फाटत असल्यासारखी असह्य कळ हे याचे प्रमुख लक्षण. सीटी अँजिओग्राफीने निदान निश्चित होते.

चीर कोठे आहे, यावर उपचार अवलंबून असतो. हृदयालगतच्या चढत्या भागातील चिरेसाठी सामान्यतः छाती उघडून तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. छातीतून खाली उतरणाऱ्या भागातील चिरेवर प्रथम औषधांनी रक्तदाब उतरविला जातो. पुष्कळ रुग्णांना सुरुवातीस तेवढे पुरते. मात्र भिंत फुटू लागल्यास, अथवा मूत्रपिंडे, आतडी वा पाय यांचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास स्टेंट ग्राफ्टचा आधार घेतला जातो.

स्टेंट ग्राफ्ट म्हणजे धातूच्या जाळीवर कृत्रिम कापड बसवून केलेली नळी. ती मिटलेल्या स्थितीत जांघेतील रोहिणीतून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, वर नेऊन चिरेच्या जागी उघडतात. चीर झाकली जाते, रक्त मूळ मार्गाने वाहू लागते आणि खोट्या मार्गातील रक्त हळूहळू गोठते. छातीतील महारोहिणीत असा ग्राफ्ट १९८७ मध्ये खारकिव्ह येथे डॉ. निकोलाय वोलोदोस यांनी बसविला. अशा चिरांवरील त्याच्या वापराचे पहिले महत्त्वाचे अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

छाती उघडावी लागत नसल्याने रुग्ण लवकर सावरतो. तथापि हा उपचार जोखीममुक्त नाही. पक्षाघात, पायांतील शक्ती जाणे, ग्राफ्टच्या कडेने रक्त झिरपणे हे धोके संभवतात. म्हणूनच पुढेही ठराविक काळाने सीटी तपासणी आणि आयुष्यभर रक्तदाबाची औषधे आवश्यक असतात. रुग्णास बरे वाटू लागले, की तपासणी टळते. कुटुंबीयांनी ती टळू देऊ नये, ही आग्रहाची विनंती.

आता हिशेबाची बाजू. एका ग्राफ्टची किंमत काही लाख रुपयांच्या घरात जाते आणि निर्णयास अनेकदा काही तासच मिळतात. त्या वेळात सामान्य कुटुंबाने पैसा उभा करावा कसा? धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेनुसार देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. परंतु तो निधी सर्वच आजारांच्या गरीब रुग्णांसाठी असतो. अशा वेळी दात्यांनी आधीच दिलेली देणगीच उपयोगी पडते.

जमाखर्च पाहणाऱ्यास आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. लाखोंच्या या उपचाराची वेळ पुष्कळदा टाळू शकणारी रक्तदाबाची गोळी काही रुपयांत मिळते. दात्यांनी या दोन्ही कार्यांस हातभार लावावा, ही नम्र विनंती.