पडद्यावरील रेघांचे निदान
जुन्या डेस्कटॉप संगणकाच्या पडद्यावर अकस्मात रंगीत रेघा अथवा चौकटी उमटू लागल्या, की ग्राफिक्स कार्ड निकामी झाल्याचा निवाडा आपण तत्काळ देतो; परंतु मॉनिटरची केबल मदरबोर्डावरील जोडणीत, ती सोय असल्यास, लावून तेथे चित्र स्वच्छ दिसते की नाही, याची शहानिशा केल्यावाचून तसा निवाडा देणे मला अन्यायाचे वाटते. कित्येकदा मूळ दोष पंख्यात साचलेल्या धुळीचा, चिपवरील सुकलेल्या थर्मल पेस्टचा किंवा थकलेल्या पॉवर सप्लायचा असतो. कारण पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट कार्डाला फार तर 75 वॅट वीज पुरवतो, आणि उर्वरित वीज पॉवर सप्लायच्या स्वतंत्र केबलमधून यावी लागते. कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा प्रचलित उपाय मात्र कोणीही करू नये: त्याने परतलेले प्राण बहुधा अल्पकाळच टिकतात, आणि अन्न शिजवण्याच्या पात्रात विषारी अंश मागे राहण्याचे भय असते.