प्रवासात चीज-पनीर खाताना गरोदर ताईंनी काय बघावं?



मागच्या अभ्यास दौऱ्यावरून परत येताना आपली गाडी घाटात चहाला थांबली होती. तिथे एक भाऊ पांढऱ्या मऊ चीजचे तुकडे चाखायला देत होता. "घरच्या गाईच्या कच्च्या दुधाचं, एकदम नैसर्गिक," असं सांगत होता. आपली एक ताई तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. तिने मला विचारलं, "मॅडम, मी खाऊ का?" मी म्हटलं, "दुधाचंच आहे की, खा."

तीन आठवड्यांनी तिला ताप आला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी प्रवासात काय काय खाल्लं ते विचारलं, आणि कच्च्या दुधाचं चीज म्हटल्यावर लगेच रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट चांगला आला. आता तिचं बाळ बैठकीत सगळ्यांच्या मांडीवर फिरतं. पण ते दोन दिवस मला झोप नव्हती. माहिती नसताना मी उत्तर दिलं होतं. म्हणून नंतर नीट विचारून, वाचून घेतलं, ते इथे सांगते.

कच्च्या दुधात लिस्टेरिया नावाचा जंतू असू शकतो. हा आजार रोज दिसणारा नाही, पण गरोदरपणात तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. आईला नुसता ताप, अंगदुखी, थकवा जाणवतो. बाळाला मात्र मोठा धोका असतो. गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटात दगावू शकतं, नाहीतर जन्मतःच आजारी निघतं. बाकीचे जंतू फ्रिजमध्ये थंडावतात, हा तिथेही वाढतो. वासावरून, चवीवरून कळत नाही. त्यामुळे "वास घेऊन बघितला, चांगलं होतं" हे इथे चालत नाही.

सासूबाई म्हणतील, आम्ही धारोष्ण दूध प्यायलो, काय झालं? बऱ्याच जणींना काही झालं नसेल. पण ज्या गोठ्यात जनावर गाभ टाकतं तिथे ब्रुसेलोसिस असू शकतो, आणि तोही कच्च्या दुधातून माणसाला होतो. (कालवड ४ ते ८ महिन्यांची असताना त्याची लस मिळते. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.) दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं की हे जंतू मरतात. यालाच पाश्चराइज्ड म्हणतात. आपण घरी उकळतो तेव्हा तर त्याहून जास्त तापतं.

म्हणून दोन गोष्टी विचारायच्या. दूध तापवलेलं होतं का? आणि त्यानंतर ते झाकून, थंड ठेवलं होतं का?

पनीरच्या बाबतीत दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पनीर करताना दूध तापवतातच. पण नंतर ते हाताने कापतात, पाण्यात ठेवतात, दिवसभर उघड्या ट्रेमध्ये राहतं. तिथे नवे जंतू येतात. म्हणून प्रवासात कच्चं पनीर तोंडात टाकू नका. भाजीतलं, भुर्जीतलं, वाफ निघेपर्यंत शिजलेलं चालेल. तेही केल्यापासून दोन तासांत खायचं, आणि उन्हाळ्यात तासाभरात. खरवसाचंही तसंच. घरी नीट वाफवलेला ताजा खरवस खा, रस्त्याकडेला सकाळपासून ठेवलेली वडी नको.

दुकानात मिळणारे चीज क्यूब आणि स्लाइस बहुतेक पाश्चराइज्ड दुधाचे असतात, शिवाय करताना पुन्हा तापवून वितळवतात. ते बंद पाकिटातले, फ्रिजमधले असतील तर गरोदर बाईला चालतात. पाकिटावर तारीख आणि १४ आकडी एफएसएसएआय नंबर बघा. अक्षरं बारीक आणि इंग्रजीत असतात, तेव्हा शाळेत जाणाऱ्या लेकीला वाचायला लावा, लाजायचं काय त्यात? पिझ्झावरचं चीज बुडबुडे येईपर्यंत गरम असेल तर हरकत नाही. सँडविचवाल्याने सकाळीच किसून ठेवलेलं मात्र टाळा.

मुंबई-पुण्यात किंवा परदेशात लेकीकडे गेलात तर ब्री, कॅमेम्बेर असे बाहेरून पांढरी बुरशी असलेले मऊ चीज किंवा निळ्या बुरशीचं चीज समोर येईल. गरोदर असाल तर पाश्चराइज्ड असलं तरी थंड खाऊ नका.

आणि चीज खाल्लं नाही तर कॅल्शियम कुठून, अशी काळजी नको. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. नाचणीचे लाडू डब्यात टिकतात. मी तर आता बॅगेत तेच ठेवते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र चालू ठेवायच्या.

चुकून खाल्लंच असेल तर घाबरून जाऊ नका. पण पुढचे दोन महिने ताप आला तर घरी गोळी घेऊन झोपू नका. दवाखान्यात जा आणि काय खाल्लं, कधी खाल्लं ते आपणहून सांगा. वेळेत कळलं तर औषध आहे.

पुढच्या दौऱ्यासाठी नाव देताना गरोदर असाल तर सीआरपी ताईंना आधीच सांगा. गाडीत तुमचा डबा वेगळा ठेवू आणि जेवणाच्या ठिकाणी गरम भाजी करायला मी स्वतः सांगेन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक