विकतच्या पोळ्या कोण घेतं?

गिऱ्हाईकाचं मन : भाग ६

प्रश्नावलीतले प्रश्न कसे असावेत हे मागच्या भागात पाहिलं. उत्तम प्रश्नांनाही फसवी उत्तरं कशी मिळतात, हे या आठवड्यात पाहू. त्यासाठी पुण्यातल्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांचा एक गट-प्रकल्प घेते. मी शिकवते त्या कन्झ्युमर इनसाइट्स या विषयात सत्राच्या शेवटी गटाने एका चालत्या व्यवसायाचा अभ्यास करायचा असतो. या पाच जणांनी उपनगरातलं एक पोळी-भाजी केंद्र निवडलं. प्रश्न साधा होता : इथून पोळ्या कोण नेतं, आणि का?

सुरुवात नेहमीसारखीच झाली. गूगल फॉर्म तयार झाला, सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि भराभर उत्तरं आली. ‘वेळ मिळत नाही’, ‘पाहुणे आले तरच’, ‘क्वचित’. न घेणाऱ्यांचीही कारणं ठरलेली : पीठ कसलं असतं कोण जाणे, तेल बरं नसतं, घरची चव येत नाही. पाय चार्टमध्ये ‘वेळेचा अभाव’ हा सगळ्यात मोठा तुकडा निघाला आणि शिफारसही लगेच सुचली : घरपोच सेवा सुरू करा, पाटीवर ‘वेळ वाचवा’ असं लिहा.

गटातली एक मुलगी मात्र संध्याकाळी केंद्रासमोर जाऊन उभी राहू लागली. तिच्या वहीत मतं कुठेच नव्हती, फक्त डोळ्यांना दिसलेलं होतं, आणि म्हणूनच ती वही मला मोलाची वाटते. ज्या सोसायट्यांतून ‘क्वचित’ असं उत्तर आलं होतं, तिथल्याच कितीतरी बायकांना गल्ल्यावरचा माणूस चेहऱ्याने ओळखत होता. त्या काही बोलायच्या आत तो पोळ्या मोजायला घेई. बऱ्याच जणी घरून स्वतःचा डबा आणत. पोळ्या केंद्राच्या पिशवीतून न जाता, आत फडकं घातलेल्या घरच्या डब्यातून घरी जात. खोली घेऊन राहणारी नोकरदार मुलं असलं काही करत नसत. ती पिशवी गाडीच्या हँडलला अडकवून निघून जात. वेळ दोघांनाही वाचवायचाच होता. मग डब्याची गरज एकालाच का?

मेसन हेअर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९५० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. त्या वेळी अमेरिकेत पाण्यात विरघळणारी नेसकॅफे दुकानांत मिळत होती. ती का आवडत नाही असं विचारलं की बायका चवीचं कारण सांगत. हेअरने चवीबद्दल विचारणंच सोडून दिलं. त्याने वाणसामानाच्या दोन याद्या केल्या. मांस, पाव, गाजरं, बेकिंग पावडर, डबाबंद पीच, बटाटे हे सगळं दोन्हींत तेच. फरक एकाच ओळीचा : एकीत नेसकॅफे, दुसरीत मॅक्सवेल हाउसची दळलेली कॉफी. प्रत्येक बाईला एकच यादी दाखवायची आणि हे सामान आणणारी बाई कशी असेल तेवढं सांगायला लावायचं. नेसकॅफेची यादी पाहिलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या जणींनी त्या अनोळखी बाईला आळशी ठरवलं. दुसऱ्या यादीच्या बाबतीत असं म्हणणाऱ्या अगदीच तुरळक होत्या. चव हे चारचौघांत सांगण्याजोगं कारण होतं. घर नीट न सांभाळणारी म्हणून कोणी आपल्याला नावं ठेवील, ही भीती त्याच्याआड होती.

विद्यार्थ्यांनी हाच प्रयोग आपल्या मातीत करून पाहिला. दोन याद्या, तूरडाळ, साखर, कोथिंबीर, दूध सारखं. एकीत गव्हाचं पीठ, दुसरीत तयार पोळ्या. ज्यांना विचारलं त्या बायका थोड्याच होत्या, त्यामुळे यावरून पुण्याबद्दल काही सिद्ध होत नाही. पण त्यांचे शब्द ऐकण्यासारखे होते. आळशी असं फारसं कोणी म्हटलं नाही. ‘बिचारी’ हा शब्द मात्र पुन्हा पुन्हा आला. बिचारीला हाताखाली कोणी नसेल, बिचारीची धावपळ होत असेल, मुलांना गरम पोळी मिळत नसेल. पुरुषाने ही यादी केली असेल, असं एकीच्याही मनात आलं नाही. आळशी म्हटल्यावर भांडता तरी येतं. कीव केली तर बोलायलाच जागा उरत नाही. घरून आणलेल्या डब्याचा अर्थ मला तिथे लागला. आणि ‘वेळ वाचवा’ ही पाटी त्या बाईची धावपळच चारचौघांत बोलून दाखवणार होती.

लपवणं हा यातला एक भाग झाला. कित्येकदा माणसाला आपलं कारण स्वतःलाच ठाऊक नसतं. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ सालच्या त्यांच्या गाजलेल्या लेखात स्त्रियांच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडून केलेला प्रयोग सांगितला आहे. चारही जोड हुबेहूब सारखे होते, तरी सगळ्यात उजवीकडचा जोड सगळ्यात जास्त निवडला गेला. कारण विचारल्यावर लोकांनी दर्जा सांगितला. जोड कुठे ठेवला होता याचा उल्लेख आपण होऊन कोणीही केला नाही. ही माणसं खोटं बोलत नव्हती. म्हणून ‘का?’ या प्रश्नावर फार भिस्त ठेवू नये. ‘शेवटच्या वेळी पोळ्या कधी आणल्या? त्या संध्याकाळी घरी कोण कोण होतं? ताटात वाढताना काय बोलणं झालं?’ असं विचारलं की माणूस घडलेलं सांगायला लागतो.

आता गटाबद्दल, कारण हे सगळं थोडक्यात हातचं निसटणार होतं. कामं वाटलेली होती : एकाकडे फॉर्म, दोघींकडे मुलाखती, एकाकडे एक्सेल, एकाकडे पीपीटी. मुलाखतीत एक बाई म्हणाल्या होत्या, “वेळ नसतो हो. सासूबाई होत्या तोवर मी विकतची पोळी घरात आणली नव्हती.” एक्सेलच्या रकान्यात यातलं ‘वेळेचा अभाव’ एवढंच उतरलं. रकाना भरणाऱ्याने तो आवाज ऐकलाच नव्हता आणि पीपीटी करणाऱ्यापर्यंत तर फक्त टक्केवारी पोचली.

गटाचं काम फसलं की कोणीतरी अंग चोरलं असं आपण धरून चालतो. बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून दाखवलं, की गटात माणूस खरोखरच कमी जोर लावतो. पण त्याच्या कितीतरी आधी, १९१३ साली मॅक्सिमिलियां रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याचे आपले निष्कर्ष छापले होते. आठ माणसांनी मिळून ओढलं तर एकेकट्याच्या बळाच्या बेरजेच्या जेमतेम निम्मंच बळ लागत होतं, आणि त्याने मुख्य कारण दिलं होतं ते एकाच क्षणी ओढ न बसण्याचं. या गटात कामचुकार कोणीच नव्हतं. गळती झाली ती एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात काम जाताना. म्हणून मी आता एकच अट घालते : परवानगी घेऊन केलेलं मुलाखतींचं ध्वनिमुद्रण सगळ्या गटाने एकत्र बसून ऐकल्याखेरीज एक्सेल उघडायचं नाही. यात दोन-तीन संध्याकाळी जातात, मुलं कुरकुरतात, पण बाकी कुठलंही काम वाटून घेतलं तर चालतं, हे चालत नाही.

गटाने शिफारस बदलली. ‘वेळ वाचवा’ गेलं. स्वतःचा डबा आणणाऱ्यांना पोळीमागे थोडी सूट द्यावी आणि डब्यात पोळ्या ओलसर होऊ नयेत म्हणून त्या वाफ जिरल्यावर कशा भराव्यात हे केंद्राने सांगावं, असं त्यांनी सुचवलं. सूट मिळते म्हटल्यावर डबा नेण्याला उघड, सांगण्याजोगं कारण मिळतं. मला यातलं हे कारणच सगळ्यात आवडलं.

पुढच्या भागात नमुना निवडीबद्दल. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परतही आल्या, आणि त्यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं जाहीर केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. इतकी उत्तरं हाताशी असताना अंदाज कसा चुकला, ते पाहू.