यान खासगी, जोखीम कुणाची?

५ जून २०२४. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना घेऊन बोइंग कंपनीचे ‘स्टारलाइनर’ यान फ्लोरिडातून झेपावले. प्रवास होता जेमतेम आठ दिवसांचा. परतायला लागले तब्बल २८६ दिवस! भारतातही घराघरांत त्यांची काळजी वाटत होती. पण हा प्रवास रखडला कशामुळे? आणि त्यांना सुखरूप आणणारे दुसरे यान आले कुठून?

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे शटलयान परतीच्या वाटेवर नष्ट झाले. कल्पना चावलासह सात जणांचा अंत झाला. पुढे शटल निवृत्त करण्याचे ठरले आणि २०११ मध्ये त्याचे शेवटचे उड्डाण झाले. मग अमेरिकेला आपली माणसे रशियाच्या ‘सोयुझ’मधून पाठवावी लागली. एका आसनाचे भाडे आठ कोटी डॉलरच्या वर गेले.

काम दिले उक्ते

पूर्वी ‘नासा’ यान बनवून घेई तेव्हा कंपन्यांना झालेला खर्च आणि वर नफा देई. खर्च वाढला तर भुर्दंड सरकारला. आता घराचे काम उक्ते द्यावे, तसा ठरावीक रकमेचा करार झाला. यान कंपनीचे; नासा पैसे मोजणार आणि सुरक्षिततेच्या कसोट्या लावणार. सप्टेंबर २०१४ मध्ये बोइंगला ४.२ अब्ज, तर स्पेसएक्सला २.६ अब्ज डॉलरपर्यंतचे कंत्राट मिळाले. एकाच कामाला दोन कंपन्या ही उधळपट्टी वाटेल. पण एकीचे अडले तर दुसरी हाताशी असावी, हा त्यामागचा विचार. स्पेसएक्सच्या ‘ड्रॅगन’ने ३० मे २०२० रोजी दोन अंतराळवीर नेले. बोइंग मागे पडली आणि दीड अब्ज डॉलरहून अधिक तोटा तिलाच सोसावा लागला.

परीक्षेचा क्षण

स्टारलाइनर अंतराळ स्थानकाजवळ पोहोचत असताना हेलियमची गळती आढळली, यानाला दिशा देणारी पाच लहान इंजिने बंद पडली. त्यातली चार पुन्हा सुरू झाली. यान सुरक्षित आहे, असा बोइंगला विश्वास होता. नासाच्या तज्ज्ञांचे समाधान झाले नाही. २४ ऑगस्टला निर्णय जाहीर झाला : यान रिकामेच परतेल.

सप्टेंबरमध्ये ते न्यू मेक्सिकोत व्यवस्थित उतरले. मग निर्णय चुकला का? नाही. यान नीट उतरेल याची खात्री आधी कुणालाच नव्हती आणि पणाला लागणार होते दोन जीव. त्याच महिन्याच्या अखेरीस एक ड्रॅगन यान दोन आसने रिकामी ठेवून निघाले. १८ मार्च २०२५ रोजी सुनीता आणि बुच त्यातूनच पृथ्वीवर परतले.

भारतासाठीही हा धडा दूरचा नाही. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला ड्रॅगनमधूनच स्थानकावर गेले. आपल्या ‘गगनयान’च्या रॉकेटसाठी मुंबईत पवईला लार्सन अँड टुब्रोने बूस्टरचा भाग बनवला आहे. काम कंपनीला जरूर द्यावे. पण माणूस यानात बसण्यापूर्वीचा आणि परतण्यापूर्वीचा ‘होकार’ उक्ता देता येत नाही.