खरा भेद कोठे आहे?

जुने टाकणारा तो उदारमतवादी व जुने धरणारा तो सनातनी, अशी समजूत पेठेत सर्रास आढळते. आमच्या मते ती चुकीची आहे. १८९१ सालच्या संमतिवयाच्या बिलास टिळकांनी विरोध केला, आगरकरांनी पाठिंबा दिला. वय दहाचे बारा करावयाचे होते. परंतु टिळकांनीच १८९० साली, मुलींची लग्ने सोळा वर्षांच्या आत करू नयेत, अशी सूचना सुधारकांपुढे मांडली होती! तेव्हा वाद होता तो, परक्या सरकारचा कायदा घ्यावा की लोकमताची वाट पाहावी, एवढाच. पण या मुदतीचे व्याज भरावयाचे कोणी? अर्थात त्या बालिकेने.

येथील प्रताप हायस्कुलात शिकविलेले साने गुरुजी नास्तिक नव्हते. मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपुरास उपोषण केले, ते विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस उघडावे म्हणून. भक्ती जुनीच होती. कुलूप तेवढे त्यांस नको होते.

सनातनी बदलापाशी पुरावा मागतो, उदारमतवादी बंधनापाशी. समाजास दोघांचीही गरज आहे. मात्र “जरा थांबा” म्हणणाऱ्यास वाचकांनी इतकेच विचारावे: महाराज, थांबावयाचे आपण की दुसऱ्याने?