स्वयंचलित गियरप्रणालीतील इंजिन ब्रेकिंग

इंजिन ब्रेकिंग म्हणजे ॲक्सिलरेटरवरील पाय काढल्यानंतर चाकांच्या गतीने इंजिन फिरत राहणे आणि इंजिनाच्या अंतर्गत विरोधामुळे वाहनाचा वेग कमी होणे. हाताने गियर बदलण्याच्या वाहनात गियर पडलेला असेल आणि क्लच दाबलेला नसेल, तर हा परिणाम नेहमी मिळतो. स्वयंचलित गियरप्रणालीत चाके आणि इंजिन यांच्यातील दुवा द्रव, एकदिश क्लच व नियंत्रण यंत्रणा यांच्यावर अवलंबून असतो. त्यामुळे हा परिणाम कधी पूर्ण, कधी अंशतः मिळतो, तर कधी जवळजवळ मिळतच नाही. ठाणे जिल्ह्यातून सह्याद्री ओलांडणाऱ्या कसारा आणि माळशेज घाटांसारख्या लांब उतारांवर हा फरक सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

## उतारावरील ऊर्जा

मुंबई–नाशिक मार्गावर इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. १,२०० किलोग्रॅम वजनाची मोटार तेवढी खाली उतरते तेव्हा सुमारे ३५ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा मुक्त होते. एवढ्या उष्णतेने सुमारे १२ लिटर पाणी ३० अंश सेल्सिअसपासून उकळबिंदूपर्यंत तापवता येईल. वेग वाढू द्यायचा नसेल, तर या ऊर्जेचा निचरा व्हावाच लागतो. काही भाग हवेच्या व टायरच्या विरोधात खर्च होतो. उरलेला भाग ब्रेक आणि इंजिन यांच्यात वाटला जातो. २५ टनांच्या मालमोटारीबाबत हीच ऊर्जा वीसपटींहून अधिक असते.

सारा भार ब्रेकवर टाकल्यास त्यांच्या चकत्या व अस्तर तापत जातात, अस्तराची घर्षणक्षमता घटते आणि पेडल दाबूनही वाहन अपेक्षेप्रमाणे थांबत नाही. ब्रेकमधील द्रव उकळल्यास त्यात वाफेचे बुडबुडे होतात व पेडल पोकळ लागते. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यातील सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टाळता येतो. मात्र मार्ग बदलला तरी पठार आणि कोकणपट्टी यांच्या उंचीतील फरक कायम राहतो. म्हणून उतरताना निचरा करावयाच्या ऊर्जेचा प्रश्नही कायम राहतो.

## इंजिनाचा विरोध

सिलिंडरमधील हवा दाबली गेल्यामुळे वाहनाला अडथळा होतो, असा सर्वसाधारण समज आहे. पेट्रोल इंजिनाबाबत तो अपुरा आहे. दाबलेली हवा प्रसरण पावताना दट्ट्याला मागे ढकलते आणि दाबण्यासाठी खर्च झालेली बरीचशी ऊर्जा स्प्रिंगप्रमाणे परत करते. खरा विरोध मुख्यतः बंद झालेल्या थ्रॉटल झडपेमुळे होतो. तिच्या पलीकडे अंशतः निर्वात निर्माण होतो आणि त्याविरुद्ध हवा ओढून घेण्यासाठी दट्ट्यांना श्रम करावे लागतात. दट्ट्ये, बेअरिंग व तेलपंप यांचे घर्षण त्यात भर घालते. इंजिनाचे फेरे जितके जास्त, तितका हा विरोध अधिक. खालच्या गियरमध्ये वाहन अधिक आवरले जाते ते याच कारणाने.

पारंपरिक डिझेल इंजिनात हवा रोखणारी थ्रॉटल झडप नसल्याने हा परिणाम तुलनेने सौम्य असतो. म्हणून जड वाहनांत निष्कासन मार्ग अडवणारा एक्झॉस्ट ब्रेक, दाबलेली हवा योग्य क्षणी बाहेर सोडणारा कॉम्प्रेशन ब्रेक किंवा रिटार्डर बसवतात.

## स्वयंचलित प्रणालीतील दुवा

टॉर्क कन्व्हर्टर: पारंपरिक स्वयंचलित प्रणालीत इंजिनाला जोडलेला पंप द्रव फेकतो आणि त्या प्रवाहाने टर्बाइन फिरते. उतारावर हा क्रम उलटतो. चाकांकडून फिरणारे टर्बाइन पंपाला फिरवू लागते. या उलट दिशेने टॉर्क कमी कार्यक्षमतेने पोहोचतो आणि द्रवात घसरण होते. आधुनिक प्रणालींत लॉक-अप क्लच लागला की टर्बाइन व इंजिन थेट जोडले जातात आणि इंजिनाचा विरोध पूर्णपणे चाकांपर्यंत पोहोचतो.

एकदिश क्लच: सायकलचे पेडल थांबवले तरी मागील चाक फिरत राहते, कारण त्यातील फ्रीव्हील एकाच दिशेने जोर पोहोचवते. अनेक स्वयंचलित प्रणालींत ‘डी’ स्थितीतील पहिल्या गियरमध्ये ग्रहीय दंतचक्रांचा एक भाग अशाच एकदिश क्लचने रोखलेला असतो. यामुळे गियर बदल सुलभ होतो; परंतु चाके इंजिनाला फिरवू लागताच हा क्लच मोकळा होतो व इंजिन ब्रेकिंग मिळत नाही. निवडदांडा ‘एल’ किंवा ‘१’ या स्थितीत आणल्यावर वेगळा ब्रेक पट्टा अथवा क्लच तोच भाग दोन्ही दिशांनी रोखून धरतो. त्यामुळे गियर तोच असूनही उतारावरील परिणाम बदलतो.

गियरची निवड: जुन्या द्रवचालित प्रणाली वाहनाचा वेग व थ्रॉटलची स्थिती यांवरून गियर ठरवत. उतारावर पाय काढला की इंजिनावर भार नाही असे मानून त्या वरचा गियर घेत. नेमकी खालच्या गियरची गरज असताना इंजिनाचे फेरे कमी होत. अनेक आधुनिक इलेक्ट्रॉनिक नियंत्रक पाय उचललेला असतानाही वेग वाढत असल्याचे ओळखून वरचा गियर घेणे टाळतात. चालकाने ब्रेक दाबल्यास काही प्रणाली खालचा गियरही निवडतात. इंजिनाचे फेरे धोकादायक पातळीवर जाणार असतील, तर मात्र चालकाने मागितलेला खालचा गियर दिला जात नाही.

## इतर प्रकार

* एएमटी: भारतात २०१४ मध्ये मारुती सुझुकी सेलेरिओपासून हा प्रकार लोकप्रिय झाला. यात नेहमीचा क्लच व गियरपेटी यंत्रणेद्वारे चालवली जाते. क्लच जोडलेला असेपर्यंत इंजिन ब्रेकिंग हाताने गियर बदलण्याच्या वाहनासारखेच मिळते. अगदी कमी वेगात इंजिन बंद पडू नये म्हणून क्लच आपोआप सुटतो.
* सीव्हीटी: यात ठरावीक गियर नसतात. ‘एल’, ‘एस’ किंवा ‘बी’ स्थितीत पुलींचे गुणोत्तर बदलून इंजिनाचे फेरे वाढवले जातात.
* विद्युत वाहने: यांत मोटर जनित्राचे काम करते व ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत साठवते. बॅटरी पूर्ण भरलेली असल्यास ही क्षमता घटते.

## न्यूट्रल आणि इंधन

उतारावर वाहन न्यूट्रलमध्ये सोडल्यास इंधन वाचते, ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळात काही अंशी खरी होती. इलेक्ट्रॉनिक इंधन अंतःक्षेपण असलेल्या इंजिनात गियर लागलेला असताना पाय काढला, की इंजिनाचे फेरे विशिष्ट मर्यादेखाली येईपर्यंत इंधनपुरवठा थांबवला जातो. इंजिनाला चाकेच फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. म्हणजे लांब उतारावर बचत होत नाही आणि ब्रेकवर अधिक भार पडतो. इंजिनच बंद केल्यास धोका आणखी वाढतो. ब्रेकला मिळणारे साहाय्य काही वेळा पेडल दाबल्यावर संपते, स्टिअरिंग जड होऊ शकते आणि अनेक स्वयंचलित प्रणालींतील वंगण पुरवणारा पंपही थांबतो.

## वापर आणि मर्यादा

ठाणे व कल्याण-डोंबिवली शहरांतील बहुतांश रस्ते सपाट असल्याने तेथे इंजिन ब्रेकिंगचा उपयोग मुख्यतः सिग्नल किंवा उड्डाणपुलाच्या उतारावर वेग हळूहळू कमी करण्यापुरता असतो. घोडबंदर रस्त्यावरील गायमुख घाट लहान आहे. शहरी वापरात ‘डी’ स्थिती पुरेशी ठरल्यामुळे निवडदांड्याच्या इतर स्थिती अनेक चालकांना अपरिचित राहतात. त्यांची गरज कल्याण–मुरबाड मार्गे माळशेज घाट ओलांडून परतताना भासते.

खालचा गियर उतार सुरू होण्यापूर्वी निवडणे योग्य असते. ओल्या रस्त्यावर वेगात असताना एकाएकी खालचा गियर घेतल्यास इंजिनाला जोडलेल्या चाकांची पकड सुटू शकते. पावसाळ्यातील माळशेजमध्ये ही बाब विशेष महत्त्वाची आहे. इंजिन ब्रेकिंगने वेग कमी होताना सामान्यतः मागील ब्रेकदिवे लागत नाहीत, म्हणून धुक्यात ब्रेकला हलका स्पर्श करून मागील वाहनाला सूचना देणे उपयुक्त ठरते. इंजिन ब्रेकिंग हा ब्रेकला पर्याय नाही. वाहन पूर्ण थांबवण्यासाठी ब्रेकच आवश्यक असतात, आणि उतारावर इंजिनाचा विरोध त्यांना त्या क्षणासाठी थंड राखण्याचे काम करतो.