ट्रान्सफर व सब्लिमेशन छपाईसाठी मूळ फाइलीची सिद्धता : देवनागरी आणि माडिया मजकुराच्या दृष्टीने

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातील हेमलकसा हे गाव आलापल्लीपासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर, पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्यांच्या संगमाच्या परिसरात वसलेले आहे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी येथे लोक बिरादरी प्रकल्पाची स्थापना केली. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी उभ्या केलेल्या दवाखान्याच्या जोडीला १९७६ साली आश्रमशाळाही सुरू झाली. हा मुलूख तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. परिसरातील आदिवासींची बोली माडिया. ती द्राविडी कुळातील असून गोंडीशी तिचे निकटचे नाते आहे. शाळेची व कारभाराची भाषा मात्र मराठी.

अशा प्रदेशातील एखाद्या शाळेने मुलांच्या सदऱ्यांवर, आरोग्यमोहिमेच्या फलकांवर अथवा पेल्यांवर माडिया शब्द छापून घ्यावयाचे ठरविले, तर छपाईचे काम चंद्रपूर किंवा नागपूर येथील कारखान्याकडे जाणार हे उघड आहे. तेथील कारागीर आपल्या कामात वाकबगार असला, तरी माडिया त्याला वाचता येणार नाही. म्हणजे शब्द चुकला आहे की बरोबर आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता वारंवार बंद पडतो. चुकलेला माल परत पाठवून नवा मागविणे हे अशा वेळी केवळ खर्चाचे काम राहत नाही. म्हणून जे काही सांगावयाचे ते फाइलीनेच सांगितले पाहिजे. ही फाइल कशी सिद्ध करावी, आणि तीत भाषाभ्यासकाचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. दोन प्रक्रिया व त्यांच्या मर्यादा

सब्लिमेशन म्हणजे रसायनशास्त्रातील संप्लवन. कापूर ज्याप्रमाणे द्रवरूप न होता थेट वायुरूप होतो, त्याचप्रमाणे या छपाईतील विशिष्ट रंगद्रव्ये उष्णतेने वायुरूप होतात. ती प्रथम कागदावर छापली जातात. तो कागद कापडावर ठेवून सुमारे १८० ते २१० अंश सेल्सिअस तापमानात अर्धा ते एक मिनिट दाबला असता रंगाची वाफ पॉलिएस्टरच्या तंतूंत शिरते व थंड होताच तेथे अडकून बसते. १९५७ मध्ये फ्रान्समधील नोएल द प्लास यांनी या तत्त्वाचा कापडछपाईसाठी उपयोग शोधून काढला, असे या तंत्राच्या इतिहासात मानले जाते.

या प्रक्रियेतून दोन मर्यादा निष्पन्न होतात. पहिली म्हणजे, रंग पॉलिएस्टरवरच टिकतो. सुती कापडावर तो नीट धरत नाही. आणि चिनी मातीच्या पेल्यावर पॉलिमरचा लेप दिलेला नसेल तर तो तेथेही बसत नाही. दुसरी म्हणजे, या रंगांत पांढरा रंग नसतो. चित्रातील पांढरा भाग म्हणजे खालच्या वस्तूचाच पांढरा रंग होय. त्यामुळे काळ्या किंवा गडद कापडासाठी ही पद्धत निरुपयोगी ठरते.

सुती व गडद कापडासाठी ट्रान्सफरच्या इतर पद्धती आहेत. एकीत यंत्रावरील सुरी व्हिनाइलचा पातळ पापुद्रा अक्षरांच्या आकारात कापते आणि तो उष्णतेने कापडावर चिकटवितात. दुसरीत, जिला डीटीएफ म्हणतात, प्लॅस्टिकच्या फिल्मवर आधी रंगीत व त्यावर पांढरी शाई छापून, चिकट भुकटी पसरून ती वितळवितात, आणि मग फिल्म कापडावर दाबतात. पहिल्या पद्धतीला रेषा लागतात, दुसरीला ठिपके व पांढऱ्या शाईची योजना लागते, आणि सब्लिमेशनला शुभ्र पार्श्वभूमी लागते. फाइल सिद्ध करण्यापूर्वीच पद्धत निश्चित करणे अवश्य आहे ते यासाठी.

२. अक्षर आणि अक्षराचे चित्र

संगणकात देवनागरी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठविला जातो. ‘बि’ या अक्षरात आधी ‘ब’ व नंतर ऱ्हस्व इकार येतो. पडद्यावर मात्र तो इकार ‘ब’च्या डावीकडे काढावा लागतो. जोडाक्षरे, रफार व मात्रांच्या जागा ही सर्व रचना फॉन्ट आणि प्रणाली मिळून ऐनवेळी करतात. ज्या प्रणालीला ही रचना येत नाही, किंवा येत असूनही भारतीय लिपींची सोय सुरू केलेली नसते, तिच्यात मजकूर विस्कटतो. ‘बिरादरी’तील इकार पुढच्या ‘र’ला जाऊन चिकटतो, ‘प्रकल्प’चे ‘प्‌रकल्‌प’ होते आणि ‘पर्लकोटा’तील रफार उतरून हलन्तासह ‘र’ उभा राहतो. मराठी वाचकाला हा बिघाड तत्काळ खटकतो. माडिया शब्दातील असाच बिघाड मराठी वाचकाला बोलीचे वैशिष्ट्य वाटण्याचा संभव आहे, आणि धोका नेमका येथेच आहे.

यावर उपाय म्हणून ‘लोक बिरादरी प्रकल्प, हेमलकसा’ आणि ‘पर्लकोटा, इंद्रावती’ या दोन ओळी चाचणीसाठी वापरता येतील. त्यांत ऱ्हस्व व दीर्घ इकार, ‘प्र’ आणि ‘ल्प’ ही जोडाक्षरे, रफार, अनुस्वार व ‘ंद्रा’सारखा संयोग हे सर्व आले आहे. या ओळी जेथे शुद्ध उमटतात, तेथे इतर मजकूरही बहुतांशी शुद्ध उमटेल असे मानावयास हरकत नाही. ‘हेमलकसा’ या नावातील ‘ल’ फॉन्टचीही परीक्षा घेतो. कारण मराठी वळणाचा ‘ल’ व ‘श’ आणि हिंदी वळणाचे तेच वर्ण भिन्न दिसतात. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळण प्रमाण ठरविले आहे.

ऱ्यकाराचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ यांतील भेदही सर्वपरिचित आहे. हा भेद युनिकोडमध्ये निराळ्या वर्णक्रमाने दर्शविला जातो. म्हणून टंकलेखकाने तो पाळला आहे की नाही हे मूळ मजकुरातच पाहावे. नंतर चित्रात दुरुस्ती करणे कष्टाचे होते.

बोलीच्या लेखनासाठी देवनागरीतील कमी वापरली जाणारी चिन्हे योजिली असतील, तर आणखी दक्षता हवी. उदाहरणार्थ, द्राविडी भाषांतील ऱ्हस्व ‘ए’ व ऱ्हस्व ‘ओ’ यांसाठी युनिकोडमध्ये ‘ऎ’ व ‘ऒ’ ही चिन्हे आहेत. पण ती सर्व फॉन्टांत नसतात. चिन्ह नसेल तेथे रिकामा चौकोन उमटतो किंवा परक्या फॉन्टातील अक्षर घुसते. गोंडीच्या स्वतंत्र लिपींची स्थिती यापेक्षाही नाजूक आहे. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेली लिपी २०१७ साली, आणि आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावाच्या नावाने ओळखली जाणारी लिपी २०१८ साली युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. दोहोंसाठी नोटो मालिकेत मोफत फॉन्ट आहेत. परंतु कारखान्यातील संगणकावर ते असतीलच असे नाही.

जुन्या पद्धतीच्या फॉन्टांचा उल्लेखही येथे केला पाहिजे. त्यांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडली की रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो. असा मजकूर प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून पुन्हा वाचून घ्यावा.

३. बाह्यरेषा, शिरोरेषा आणि ठिपके

वरील सर्व अडचणींवर प्रचलित उपाय असा की, मजकूर शुद्ध झाल्यावर अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करावे. मग फॉन्टची गरज उरत नाही आणि चित्र कोणत्याही संगणकावर तसेच दिसते. देवनागरीत मात्र येथे एक खास अडचण उद्भवते. शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून शेजारची अक्षरे एकमेकांवर किंचित चढलेली असतात. व्हिनाइल कापणारी सुरी प्रत्येक बाह्यरेषेवरून फिरते. परिणामी शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी चिरली जाते. काही प्रणालींत एकमेकांवर आलेला भाग कोराच राहतो. यासाठी रूपांतरानंतर संपूर्ण शब्दाचे आकार एकत्र जोडून एकच बाह्यरेषा करावी. अनुस्वार व नुक्ता ही चिन्हे सुटीच राहणार. फार बारीक असतील तर व्हिनाइलचा नको असलेला भाग सोलताना ती निघून येतात. अनुस्वार गळाला तर शब्द बदलतो. सबब लहान आकारात बारीक वळणाचा फॉन्ट टाळणे इष्ट.

चित्र ठिपक्यांचे असेल तर मोजमाप प्रत्यक्ष छपाईच्या आकारावर करावे. दर इंचाला ३०० ठिपके हे सामान्य प्रमाण आहे. त्यानुसार सदऱ्यावरील २५ सेंटिमीटर रुंदीच्या चित्रास सुमारे २,९५० ठिपके लागतात. मोबाइलवरून आलेले १,२८० ठिपके रुंदीचे छायाचित्र त्याच जागी ताणले, तर इंचाला जेमतेम १३० ठिपके पडतात. आकृती कदाचित चालून जाईल, पण मात्रांच्या कडा फुटतील. चित्र संगणकावर मोठे करून नवी माहिती निर्माण होत नाही, हे ध्यानात ठेवावे. म्हणून अक्षरे शक्यतो रेषारूप ठेवून फक्त छायाचित्र ठिपक्यांत ठेवणे श्रेयस्कर.

डीटीएफसाठी पार्श्वभूमी पारदर्शक असावी आणि अक्षरांच्या कडा स्पष्ट असाव्यात. कडेला अर्धपारदर्शक छटा राहिल्यास तिच्याखाली पांढरी शाई पडून अक्षरांभोवती फिकट कडे दिसते. सब्लिमेशनसाठी आरजीबी पद्धतीची फाइल व तिच्यासोबत रंगांचे प्रोफाइल द्यावे. शाईत रूपांतर कारखान्याच्या प्रणालीकडे सोपवावे. कागदावर छापलेले रंग दाबण्यापूर्वी फिकट व मलूल दिसतात. त्यावरून फाइलीत बदल करू नये. निर्णय कापडावरील नमुन्यावरूनच घ्यावा.

४. उलट प्रतिमेचा प्रश्न

कागद पालथा घालून दाबावयाचा असल्याने त्यावरील चित्र आरशातल्यासारखे उलटे छापावे लागते. शिसाच्या खिळ्यांच्या काळात जुळाऱ्याला उलटी अक्षरे वाचण्याचा सराव असे; खिळे लावतानाच त्याला चूक दिसे. आजच्या पद्धतीत हे उलटे करणे बहुधा छपाईची प्रणालीच करते. फाइल देणाऱ्याने ती आधीच उलटी करून दिली, तर चित्र दोनदा उलटून मजकूर अखेरीस उलटा उमटतो. रोमन अक्षरांत ही चूक कोणाच्याही लक्षात येईल. गोंडी लिपीत ती ओळखणार कोण?

सबब दोन नियम पाळावेत. फाइल नेहमी सुलट द्यावी आणि ‘सुलट’ हा शब्द चित्राच्या कापल्या जाणाऱ्या कडेबाहेर देवनागरीत लिहावा. तो उलटा दिसला की कारागिराला इतर भाषा न येताही चूक कळते. तसेच सोबत एक कागदी प्रत पाठवावी, जिच्यावर तयार वस्तू जशी दिसावयास हवी तसे चित्र व प्रत्यक्ष माप असेल.

५. दोन फाइली

या सर्व विवेचनाचा मथितार्थ एका गोष्टीत आहे. बाह्यरेषांत रूपांतर झालेला शब्द डोळ्यांना दिसतो, परंतु संगणकाच्या लेखी तो शब्द राहत नाही. तो शोधता येत नाही, कोशात नेता येत नाही, त्यात दुरुस्ती करता येत नाही. मराठीसारख्या विपुल छापील साहित्य असलेल्या भाषेची यात फारशी हानी होत नाही. माडियाची होते. सदऱ्यावरचा एक शब्द, फलकावरची एक सूचना, यांनाही त्या बोलीच्या लिखित संचितात स्थान आहे.

म्हणून छपाईच्या प्रत्येक कामासाठी दोन फाइली सिद्ध कराव्यात. एक कारखान्यासाठी, बाह्यरेषांत बांधलेली. दुसरी संग्रहासाठी, युनिकोडमधील जिवंत मजकुराची. तीत शब्दाचा मराठी अर्थ, तो कोणत्या गावच्या बोलीतील आहे, कोणत्या लेखनपद्धतीने लिहिला आणि कोणी तपासला याची नोंद असावी. तपासणारा माडिया ही मातृभाषा असलेला असावा, आणि त्याने पडद्यावरील प्रतीऐवजी कापडावरील पहिला नमुना वाचावा. त्याच्या संमतीनंतरच उर्वरित माल छापला जावा.

छपाईयंत्र भाषा जाणत नाही, आणि त्याने ती जाणावी अशी अपेक्षाही नाही. यंत्राच्या अलीकडे जो अखेरचा वाचक उभा असतो, त्याची जागा रिकामी राहू न देणे, एवढेच भाषाभ्यासकाच्या हाती आहे. ते हेमलकशासारख्या गावासाठी पुष्कळ आहे.